मोजणी अडखळते तिथे थांबा: छोटी कविता उलगडायची कशी

रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर सात-आठ पोरंपोरी जमतात. कुणी दहावीत, कुणी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. एक जण दिवसा ट्रॅक्टर चालवतो आणि रात्री कविता करतो. सगळ्यांची अडचण एकच: कविता वाचली, आवडली, आता तिच्यावर लिहायचं काय? मग वहीत हमखास उतरतं, ‘कवीने अतिशय सुंदर शब्दांत आईचे दुःख मांडले आहे.’ हे वाक्य आईवरच्या कुठल्याही कवितेला लावता येतं, म्हणून ते एकाही कवितेबद्दल काही सांगत नाही.

दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक सौंदर्य असे तीन कप्पे असतात. पोरं पहिल्या कप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे अर्थ आणि भाव आधी, छंद-यमक शेवटी, वेळ उरला तर. माझ्या ओसरीवर क्रम उलटा आहे. आधी तोंडाने म्हणायचं, मग बोटांवर मोजायचं, मग यमक तपासायचं आणि भावाचं नाव अगदी शेवटी घ्यायचं. कारण सांगतो. मोजणी सुरळीत चालली असताना जिथे अडखळते, तिथे बहुतेक वेळा कवितेचा जीव असतो. आधी मोजलंच नाही तर ती जागा दिसणार कशी?

उदाहरणासाठी एक कविता लागेल. ही मीच सरावासाठी बांधली आहे. कविता म्हणून फार मोठी नाही, पण चिरफाड केली तर कुणी रागावणार नाही.

दवओल्या पऱ्हाटीत
माय वेचते कापूस
एका तासामागं तास
कोण करी तिची पूस

ओटी भरता भरता
आठवली लेक मोठी
बोळवली तिला तेव्हा
तांदळाची होती ओटी

सांज झाली काटा झाला
किलो मोजून लिहिले
फडकं ती झटकून
उभी रिती

आधी तोंडाने

कविता तीनदा मोठ्याने म्हणा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा मांडीवर ठेका धरून. तिसऱ्यांदा हळू, ओळीच्या शेवटी किती थांबावंसं वाटतं ते बघत. मनातल्या मनात वाचलेली कविता मोजता येत नाही, कारण डोळा पुढे धावतो. मराठीत कविता कागदावर यायच्या कितीतरी आधी तोंडात होती. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदंबेने ऋद्धपूरला ढवळे गायले ते लग्नाची गाणी म्हणून, आणि ऋद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं.

म्हणताना कळत नसलेला शब्द लगेच विचारून घ्या. इथे ‘पऱ्हाटी’ म्हणजे कपाशी. मग ‘तास’ आहे. शहरातल्या वाचकाला तास म्हणजे साठ मिनिटं. आपल्याकडे तास म्हणजे पिकाची ओळही. ‘एका तासामागं तास’ या ओळीत बाई एक ओळ संपवून दुसरीला लागते आणि दिवसही सरकत राहतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू द्यायचे. एकाची निवड करायची घाई नको. ‘पूस’ म्हणजे विचारपूस. पुसद भागातल्या एका पोरीला आधी पूस नदी आठवली. नदी या कवितेत नाही, पण शब्द ऐकून काहीतरी आठवतं हे चांगलं लक्षण आहे. वहीच्या कडेला टिपून ठेवा आणि पुढे चला.

ट्रॅक्टरवाल्याने पहिल्याच ओळीवर हरकत घेतली: “सर, दवात कोन कापूस वेचते? ओला भरते तो, मालक बोंबलते.” बरोबर आहे. मग बाई एवढ्या लवकर शेतात का, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर कवितेत नाही, पण प्रश्न वहीत राहू द्या.

मग बोटांवर

मराठी कविता मोजायच्या ढोबळ तीन पद्धती आहेत. नवख्यांचा गोंधळ होतो तो कुठली पद्धत कुठे लावायची यात.

सगळ्यांत सोपी पद्धत अक्षरछंदाची. ओळीतली अक्षरं मोजायची, लहान-मोठं बघायचं नाही. ओवी, अभंग, अष्टाक्षरी ही याच घरातली मंडळी. इथे अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याला चिकटलेली व्यंजनं. जोडाक्षर कितीही जाडजूड असो, ते एकच. ‘पऱ्हाटीत’ या शब्दात प, ऱ्हा, टी, त अशी चार अक्षरं. पोरं ‘ऱ्हा’ची दोन धरतात आणि मग ओळ नऊची होते. दुसरी चूक उलटी. आपण बोलताना ‘माय’मधला ‘य’ अर्धवट सोडतो, पण मोजताना तो पूर्ण अक्षर आहे. ‘माय वेचते कापूस’ म्हणजे मा, य, वे, च, ते, का, पू, स. आठ.

वरची कविता अष्टाक्षरी आहे हे दोन ओळी मोजून कळतं, पण दोन ओळींवर थांबू नका. बाराही ओळी मोजा. आमच्या ओसरीवर डाव्या मांडीवर चार थापा, उजव्या मांडीवर चार, अशी मोजणी चालते. अकरा ओळी बरोबर बसतात. बाराव्या ओळीला उजवी मांडी रिकामी राहते. तिथे पेन्सिलीने फुली मारा. तिच्याकडे परत यायचं आहे.

दुसरी पद्धत मात्रांची. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ दीर्घ, आणि अनुस्वार-विसर्ग असलेलं अक्षरही दीर्घ. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर तेही दीर्घ. ‘रस्ता’ म्हणताना ‘र’वर जोर पडतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. ‘तुम्ही’ म्हणताना ‘तु’वर जोर पडत नाही, म्हणून एकच. हा नियम डोळ्याने लावता येत नाही, शब्द तोंडाने म्हणूनच ठरवावा लागतो. आता आपल्या कवितेचं पहिलं कडवं मात्रांनी मोजून बघा: 12, 13, 15, 12. काही जुळत नाही. अक्षरं जुळतात आणि मात्रा जुळत नाहीत, म्हणजे हा अक्षरछंद. उलट ‘झाडावरती पाखरु बसले’ अशी ओळ घ्या. आठ मात्रा, मग पुन्हा आठ, एकूण सोळा. ही चाल पादाकुलक या मात्रावृत्ताची. इथे मी ‘पाखरू’चा ‘रू’ मुद्दाम ऱ्हस्व केलाय. कवीला एवढी मोकळीक असते. ती शुद्धलेखनाची चूक समजून लाल शाई वापरू नका.

तिसरी पद्धत गणांची. एक मात्रेचं अक्षर लघु, दोन मात्रांचं गुरू. इथे लघु-गुरूचा क्रमही ठरलेला असतो, अक्षर न् अक्षर जागेवर. तीन-तीन अक्षरांचे आठ गण, ते लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र. घोकून घाबरू नका, एक वृत्त कानात बसलं की बाकीची ओळखता येतात. मनाचे श्लोक तुम्ही लहानपणी म्हटले असतील, ते भुजंगप्रयातात आहेत: लघु, गुरू, गुरू असा ‘य’ गण चार वेळा. त्याच चालीवर ‘सकाळी निघाली शिदोरी शिवारी’ म्हणून बघा. सकाळी, निघाली, शिदोरी, शिवारी, चारही शब्द त्याच मापाचे. एवढं तंतोतंत बसलं की ओळ पाळण्यासारखी झुलते. शेतातल्या थकव्याची कविता या वृत्तात लिहिली तर शब्द थकलेले आणि चाल ताजीतवानी असं व्हायचा धोका आहे. म्हणून नुसतं वृत्ताचं नाव लिहून थांबू नका, ती चाल या आशयाला मानवते का तेही सांगा.

ओवी-अभंगाचा कान आपल्याकडे गावोगावी तयार असतो. खंजिरीच्या भजनाने आणि काकड आरतीने तो घडलेला असतो, फक्त त्याला नावं माहीत नसतात. मोठा अभंग म्हणजे सहा-सहा-सहा आणि शेवटी चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ओवीत आहे. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा सुटा. या दोन्हींत शेवटचा चरण वेगळा असणं हा छंदाचा नियमच आहे, कान त्याची वाट बघत असतो. आपल्या कवितेतली आखूड ओळ तशी नाही. तिच्याआधी अकरा वेळा आठचा शब्द पाळलेला आहे.

आता जरा बारीक बघू. आठ अक्षरं आत कशी तुटतात? ‘तांदळाची होती ओटी’ ही ओळ चार-दोन-दोन. ‘माय वेचते कापूस’ दोन-तीन-तीन. प्रत्येक ओळीपुढे हे आकडे लिहा. माझ्या वहीत ते लिहिल्यावर मीच चकित झालो. दोन-तीन-तीनच्या ओळी तीनच निघाल्या: ‘माय वेचते कापूस’, ‘ओटी भरता भरता’, ‘किलो मोजून लिहिले’. वेचणं, भरणं, मोजणं. तिन्ही हाताच्या कामाच्या ओळी, आणि तिन्हींत मधला चाराचा ठेका तुटतो. लेक आठवते त्या सलग तीन ओळी मात्र चार-दोन-दोन, शांत, एकसारख्या. हे मी ठरवून केलं नव्हतं. कवीने ठरवलं होतं की नाही याची चिंता वाचणाऱ्याने करू नये. कवितेत दिसतंय ना, मग दाखवा.

यमक कानाने तपासा

यमकासाठी ओळींच्या शेवटी क, ख, ग अशी अक्षरं टाकायची. जुळणाऱ्या ओळींना एकच अक्षर. पहिल्या कडव्यात दुसरी आणि चौथी ओळ जुळते, कापूस–पूस. पण नुसतं ‘यमक आहे’ म्हणून भागत नाही. ते किती घट्ट आहे? शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर दोन्ही जुळले तर यमक भरघोस. ‘पाणी–वाणी’ भरघोस आहे, ‘पाणी–कोणी’ लंगडं. ‘जातो–येतो’, ‘करते–बोलते’ ही नुसती प्रत्ययांची यमकं. ती सहज मिळतात, म्हणून त्यांचं कौतुक जपून करा. गझल असेल तर वेगळी खबरदारी. अमरावतीचे सुरेश भट मराठी गझलेचं मोठं नाव, त्यांच्या प्रांतात राहून ही चूक करू नये: ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द म्हणजे रदीफ. यमक त्याच्या आधीच्या शब्दात असतं, तो काफिया.

इथे माझी एक चूक सांगतो. अकोट बाजूच्या एका शाळेत मी काव्यस्पर्धेचा परीक्षक होतो. नववीतल्या एका पोराने ‘पाणी’ला ‘जवानी’ जुळवलं होतं आणि पुढे ‘काळा’ला ‘वाया’. मी दोन्ही ठिकाणी फुल्या मारल्या, गुण कापले. तो व्यासपीठावरून उतरून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “सर, तुमी वाचता तसं नाई, मी म्हंतो तसं आयका.” त्याने म्हटलं: पानी, जवानी. काया, वाया. वऱ्हाडीत ण चा न होतो आणि ळ चा य होतो, हे मला जन्मापासून माहीत. माझी आई डोळ्यांना डोयेच म्हणायची. पण हातात लाल पेन आल्यावर कान बंद झाले होते. निकालाची यादी तोवर वाचून झाली होती, गुण काही परत देता आले नाहीत. तेव्हापासून नियम: कविता ज्या बोलीत लिहिली आहे त्याच बोलीत म्हणून यमक तपासायचं. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतली कविता आली तर तिचे उच्चार आणखी वेगळे, तिथे झाडीपट्टीतल्या माणसाकडून म्हणवून घ्यायची.

आता आपल्या कवितेची यमकं ओळीने लावून बघा. पहिल्या कडव्यात कापूस–पूस, इतकं घट्ट की एक शब्द दुसऱ्याच्या पोटात आहे. दुसऱ्यात मोठी–ओटी. स्वर तेच, पण ठ आणि ट. जवळचं आहे, पूर्ण नाही. तिसऱ्यात लिहिले आणि रिती. काहीच जुळत नाही. घट्ट, सैल, सुटलेलं. गाठ हळूहळू सुटत जाते, आणि जिथे पूर्ण सुटते तिथेच आपण मघाशी पेन्सिलीची फुली मारली होती. मोजणी आणि यमक दोघंही एकाच जागी बोट दाखवत असतील तर तिथे बसकण मारायची.

फुलीपाशी बसा

‘उभी रिती’. चार अक्षरं. शेवटची ओळ मी आधी पूर्ण आठची लिहिली होती: ‘उभी राहिली ती रिती’. मोजायला चोख. आता दोन्ही शेवट आळीपाळीने म्हणून बघा. आठच्या ओळीत बाई उभी राहते, गोष्ट संपते, आपणही उठतो. चारच्या ओळीत ठेका अर्ध्यावर सोडून जातो आणि उजवी मांडी थापेची वाट बघत राहते. ओटी झटकल्यावर तिच्या हाताशी जे उरलं तेच त्या चार थापांच्या जागी आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच सापडते. या ओळीत क्रियापद नाही. मग मागे जाऊन सगळी क्रियापदं गोळा करा. पहिल्या कडव्यात ‘वेचते’, वर्तमान. दुसऱ्यात ‘आठवली’, ‘बोळवली’, ‘होती’, भूतकाळ. तिसऱ्यात ‘लिहिले’ आहे, पण कोणी लिहिले? मालकाने, मुकादमाने? कर्ता गायब. वजन झालं, आकडा वहीत गेला, बाई त्या वाक्यात कुठेच नाही. पहिल्या कडव्यात विचारलं होतं, ‘कोण करी तिची पूस’. तिला कुणी विचारलं नाहीच, शेवटी किलोंची तेवढी नोंद झाली. ‘काटा’ शब्दही दुहेरी आहे, वजनाचा आणि टोचणारा, पण त्यावर फार जोर देऊ नका. पोरं असे श्लेष सापडले की त्यांनाच धरून बसतात.

‘ओटी’वर मात्र जोर द्यायला हरकत नाही, कारण सगळी कविता तिच्याभोवती फिरते. वेचणीला कमरेला बांधलेल्या फडक्याची ओटी आणि लेकीला सासरी बोळवताना भरलेली ओटी. एक रोज संध्याकाळी काट्यावर रिकामी होते, दुसरी भरून लेक निघून गेली. भरणं आणि रितं होणं हा व्यवहार दोन्हीकडे तोच.

भावाचं नाव

आता कुठे भावाबद्दल बोलायचं. नऊ रसांची नावं पाठ असतात, म्हणून ‘या कवितेत करुण रस आहे’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. करुण म्हटलं तर चूक नाही, पण तेवढं पुरत नाही. या बाईच्या डोळ्यांत पाणी कुठे आहे? ती तक्रार तरी करते का? माझ्या पोरांना मी एकच अट घातली आहे: भावासाठी जो शब्द वापराल त्याच्या खाली ओळ, शब्द किंवा आकडा दाखवता आला पाहिजे. ‘दुःख’ म्हणालात, दाखवा. ‘रितेपण’ म्हणालात, ‘रिती’ हा शब्द आहे, चार अक्षरांची ओळ आहे, सुटलेलं यमक आहे. तीन पुरावे. ‘राग’ म्हणालात तर नीट शोधा. कर्ता नसलेलं ‘लिहिले’ आणि न विचारलेली पूस, तिथे थोडा दबलेला राग आहे असं आमच्या ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं पडलं. मला तो राग दिसत नाही. पण त्याने ओळ दाखवली, म्हणून त्याचं मत वहीत उतरलं.

भाव एका कडव्यात एक असेल, दुसऱ्यात दुसरा. तो कुठे वळला हे सांगता आलं तर अर्धं काम झालं. इथे वळण ‘आठवली’वर आहे. हात चालू आहेत, मन उठून गेलंय.

मुक्तछंदातली कविता आली तर यातलं काय चालेल, हा प्रश्न दर वेळी येतो. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला. त्यात अक्षरांचा करार नसतो, पण ओळ कुठे तोडली आहे ते असतं. मांडीवरच्या थापांऐवजी श्वास मोजा: कुठली ओळ एका श्वासात संपते, कुठली धाप लावते. बाकी सगळं तसंच.

लिहिताना परिच्छेद साधारण असा उतरतो: ‘ही अष्टाक्षरी कविता अकरा ओळी आपला ठेका पाळते आणि बाराव्या ओळीत निम्म्यावर थांबते. यमकही कापूस–पूस असे घट्ट सुरू होऊन मोठी–ओटीपाशी सैल होते व शेवटी सुटते. ओटी रिकामी होण्याचा अनुभव त्यामुळे अर्थाआधी कानाला येतो.’ तीन वाक्यं आहेत. ‘अतिशय सुंदर’ एकदाही आलेलं नाही.

पुढच्या रविवारसाठी नेहमीचा अभ्यास देतो. घरातल्या आजीला जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा आणि मोबाइलवर टिपा. लाजेल, दोनदा नाही म्हणेल, चहा झाल्यावर विचारा. मग तीच ओवी पुन्हा म्हणवून घ्या. दुसऱ्या वेळी ‘वं’, ‘माय’, ‘बाई’ असं काहीतरी जास्तीचं घुसलेलं असेल. ते गाळू नका. कंसात लिहा आणि अक्षरं दोनदा मोजा, एकदा कंसासकट, एकदा कंसाशिवाय. आजीला विचारायला जाऊ नका की हे का घातलं. ती म्हणेल, कायचं काय घातलं?